स्वेटर घातलेला मीटर

सुरतेत मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालणारा एकच जीव मी पाहिला. तो म्हणजे आठल्येकाकांचा मल्टिमीटर.

बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटायचं, दुकानातला पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलायचा, आणि काका कापडी पिशवीतून मीटर काढायचे तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वेटरात. स्वेटरच्या गळ्यातून दोन वायरी बाहेर, एक लाल, एक काळी. एका बाजूची शिवण घातलेलीच नव्हती. तिथे लोकरीचे धागे लोंबायचे आणि एक सेफ्टी पिन लावलेली असायची. माझ्या बायकोने एकदा सांगितलं, "काका, द्या इकडे, दोन टाक्यांचं काम आहे." काकांनी मीटर छातीशी धरला, जणू तिने त्यांचं धोतर मागितलं होतं. म्हणाले, "नको नको. आहे ते चालू आहे. चालू असलेल्याला हात लावू नये."

आठल्येकाका बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी जन्मभर नोटा उजेडात धरून पाहिल्या, खरी की खोटी. निवृत्त झाल्यावर नोटा समोर येईनाशा झाल्या, पण हाताची सवय कुठे जाणार? ती माझ्या दुकानात आली.

माझं दुकान सुरतेच्या गोडादरा भागात. मी मूळचा खानदेशातला. सुरतेत आलो तेव्हा लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बॉबिनी भरत होतो. तिथून स्वतःच्या अकलेवर आणि तोंडावर दुकान उभं केलं. टेप, टीव्ही, स्टॅबिलायझर यांचे सुटे भाग: रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर. काही नवे, बरेचसे जुन्या बोर्डांवरून काढलेले. त्या काळात घरोघरी केबल येत होती, विजेचा दाब सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, त्यामुळे काही ना काही रोज जळायचं. जे जळायचं त्यावर माझं पोट. मी भावाचा माणूस आहे. माझ्याकडून वस्तू स्वस्तात नेली असं सांगणारा माणूस गोडादऱ्यात तरी नव्हता. एक आठल्येकाका सोडून. त्याबद्दल पुढे सांगतोच.

काका रोज सकाळी दुकान उघडलं की यायचे. काउंटरच्या आतल्या कोपऱ्यात एक स्टूल होतं, मागच्या बोळाकडच्या खिडकीखाली. तिथे ऊन यायचं, वारा यायचा नाही. पण बसायचं तिथेच. मी कितीदा म्हटलं, "काका, इकडे पंख्याखाली बसा." उत्तर ठरलेलं. "मला तिथे बरं पडतं." बसल्यावर पहिला हुकूम, "रघुनाथ, तो टेप बंद कर. मीटरला त्रास होतो." टेपचे भाग विकणाऱ्या दुकानात टेप बंद! मी विचारलं, "मीटरला कान आहेत का?" काका म्हणाले, "तुला कळणार नाही." मी बंद करायचो. माणूस बँकेतला होता, वयाने मोठा होता, आणि मला वाटायचं की असेलही काही विज्ञान त्यात.

मग तपासणी सुरू. मीटर काट्याचा होता; भागातून वीज जितकी सोपी जाईल तितका काटा पुढे सरकायचा. काका आधी लाल आणि काळी तार एकमेकींना टेकवायचे, काटा शून्यावर येतो का बघायचे, बारीक चाक फिरवून तो नेमका शून्यावर आणायचे. नवं गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्याला ऐकवायचे, "आधी आपला काटा शून्यावर आणावा. मग दुसऱ्याला नावं ठेवावीत." आठ आण्यांचा रेझिस्टर घ्यायचा असला तरी ते वाटीभर रेझिस्टर उपसून एकेक मोजत बसायचे. कुणी दोन्ही टोकं चिमटीत धरून मोजायला लागला की त्याच्या हातावर चापट. "तू स्वतःलाच मोजतोयस. सोड एक बाजू." बोर्डावर बसवलेला भाग कुणी तिथल्या तिथे तपासायला लागला तर, "एक पाय मोकळा कर त्याचा. शेजारी बसलेले त्याच्या वतीने खोटं बोलतात."

कपॅसिटर हा त्यांचा खास आवडता. कपॅसिटर चांगला असेल तर तारा टेकवल्यावर काटा झेप घेतो आणि मग हळूहळू मागे येतो. काकांचा चेहरा त्या काट्याबरोबर पुढे जायचा आणि मागे यायचा. "काटा गेला पाहिजे," ते म्हणायचे, "आणि परत आला पाहिजे. नुसता जाणारा काय कामाचा?"

दुकानाबाहेरही तेच. शेजारपाजारच्या टॉर्चचे सेल, भिंतीवरची घड्याळं, पोरांच्या खेळण्यांतल्या मोटारी, सगळं काकांकडे यायचं. एका वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीचं दिव्यांचं तोरण आरतीच्या वेळी पेटेना. काका पुढे झाले. आरतीचं ताट हातात घेऊन माणसं उभी, कापूर वितळायला आलेला, पोरं प्रसादाकडे बघतायत, आणि काका एकेक दिवा काढून मीटरला लावतायत. एकही दिवा खराब निघेना. शेवटी कुणीतरी बघितलं, तर प्लग बोर्डात खोचलेलाच नव्हता. सगळे हसले. काका अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. निदान सगळे दिवे चांगले आहेत हे तर कळलं."

आता भावाचं.

काकांची माझ्याशी भाव करायची तऱ्हा वेगळी होती. ते मीटरच्या दोन्ही तारा माझ्या हातात द्यायचे. "हे धरून शेवटचा भाव सांग." घाम आला की अंगातून वीज सोपी जाते, काटा पुढे सरकतो. मी भाव सांगितला की काका काट्याकडे बघून म्हणायचे, "हा शेवटचा नाही." गिऱ्हाइकं हसायची. मी तारा फेकून द्यायचो. "काका, हे दुकान आहे, पोलीस चौकी नाही!" "रागावू नकोस, काटा अजून पुढे गेला."

तेवढंही मी सहन केलं असतं. पण त्यांचा खरा डाव निराळा होता, असं मला वाटायचं. भाव ऐन रंगात आला की ते उठायचे. मी एक बोललो, ते एक बोलले, मी जरा खाली आलो, ते जरा वर आले, आता सौदा बसणार, आणि काका एकदम मान ताठ करून गप्प. मग तारा तशाच काउंटरवर टाकून, चपला सरकवून, एक शब्द न बोलता बोळातून चालते व्हायचे. मीटरसुद्धा माझ्याकडे सोडून.

भाव करणारा माणूस उठतो हे मला माहीत होतं. मी स्वतः उठतो. मुंबईहून माल आणताना मी दुकानाच्या पायरीपर्यंत जातो आणि मागून हाक येईपर्यंत वळून बघत नाही. पण त्यात एक रीत असते. उठणारा माणूस पायरीवर जरा रेंगाळतो, दुसऱ्याला हाक मारायला जागा ठेवतो. काका रेंगाळायचे नाहीत. धावत सुटायचे. असा भाव करणारा मी जन्मात पाहिला नव्हता. मला घाम फुटायचा. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन ओरडायचो, "काका, बरं, तुमचंच खरं! घेऊन जा!" ते मागे हात हलवायचे. थोड्या वेळाने परत यायचे, स्टुलावर बसायचे आणि मी ओरडलेल्या भावाने वस्तू घ्यायचे. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, "काय माणूस आहे! बँकेत फुकट गेला."

बायको म्हणायची, "हाऊ म्हतारा रोज कसाले येस?" रोज कशाला येतो हा म्हातारा, हे मलाही कळत नव्हतं. घेऊन जायचे एखादी वस्तू. बसायचे दुपारच्या जेवणापर्यंत.

आणि मग ती गोष्ट घडली, जी मी आजही विसरलेलो नाही.

कडोदऱ्याचे हसमुखभाई माझ्याकडे आले होते. त्यांच्याकडे स्टॅबिलायझर बनवायचं काम जोरात चाललं होतं. माणूस एकदा बांधला गेला की वर्षभराची काळजी मिटणार होती. मी त्यांच्यासाठी कपॅसिटरची मोठी खोकी काढून ठेवली होती. पलसाण्याचं एक युनिट बंद पडलं, तेव्हा तिथून उचललेला माल. चहा झाला, भाव झाला, हसमुखभाई खिशात हात घालणार, तेवढ्यात कोपऱ्यातून स्वेटर निघाला.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. काकांनी खोक्यातून एक कपॅसिटर उचलला, काटा शून्यावर आणला, तारा टेकवल्या. काटा गेला आणि अर्ध्यावर बसून राहिला.

"रघुनाथ, हा जातो, पण परत येत नाही."

दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा घेतला.

हसमुखभाईंनी हात खिशातून बाहेर काढला. रिकामा. "रहेवा दो, रघुभाई. पछी आवीश," म्हणाले. नंतर येतो म्हणालेला गुजराती व्यापारी नंतर येत नसतो. ते मोठ्या रस्त्यावर माझ्यासारखंच दुकान असलेल्या जिग्नेशकडे गेले आणि जिग्नेशचेच झाले.

आता खरी गोष्ट ऐका. तो माल खराब नव्हता. जुना होता. कपॅसिटर बरेच महिने पडून राहिला की आळसावतो, त्याला थोडा थोडा करंट दिला की दोन दिवसांत ताळ्यावर येतो. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. काकांनाही माहीत होतं. त्यांना पक्कं माहीत होतं, हे मी आजही सांगतो. पण त्यांनी अर्धंच सांगितलं.

मी त्या दिवशी काकांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो. "ही बँक नाही, काका! उद्यापासून तुमचा खोट्या नोटा शोधायचा धंदा दुसऱ्या दुकानात करा. जिग्नेशकडे जा! पाच मिनिटांवर आहे!"

काका मीटरला स्वेटर नीट घालत म्हणाले, "ते लांब पडतं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करतो न करतो तोच, स्टुलावर हजर. "रघुनाथ, तो टेप बंद कर."

मला संशय यायला लागला. जिग्नेशचं दुकान मोठं, माल नवा, गार पाणी, बसायला गादीची खुर्ची. तरी हा माणूस माझ्या उन्हाच्या कोपऱ्यात बसतो, माझाच माल नापास करतो आणि माझ्याकडूनच घेतो. मला वाटलं, जिग्नेशनेच यांना पाठवलं असणार. मी पाळत ठेवली. काका जिग्नेशच्या दुकानाच्या बाजूलाही फिरकायचे नाहीत. बोळातून यायचे, बोळातून जायचे. त्यामुळे संशय गेला नाही, उलट वाढला. इतका सरळ माणूस कुणी नसतो.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या बोळालगतच्या मोकळ्या जागेवर पत्रे उभे राहिले. आत लूम आले. नवं खातं सुरू झालं. लूमचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही ऐकला त्याला सांगून कळणार नाही. खटक् खटक् खटक्, दिवसभर. माझ्यासारख्याला त्याचं काही वाटत नाही. मी त्याच आवाजात वाढलो, त्याच आवाजात झोपलो.

पहिल्या दिवशी काका आले. स्टुलावर बसले. टेप बंदच होता. काकांनी मीटर काढला नाही. खिडकीकडे कान केला. उठून खिडकीशी उभे राहिले. परत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे रोज चालणार का?"

"लूम आहे काका. दिवाळीला बंद राहील."

काका पिशवी उचलून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पूर्ण आठवडा गेला.

मी खूश झालो. टेप मोठ्याने लावला. स्टुलावर खोकी रचली. पण गिऱ्हाइकं आत डोकवायची आणि विचारायची, "काका नथी?" मी म्हणायचो, नाहीत, बोला काय हवं. "नाही, काकांनी बघितलेला ट्रान्झिस्टर हवा होता." एक म्हणाला, दुसरा म्हणाला. टीव्ही दुरुस्त करणारा एक मिस्त्री तर सरळ म्हणाला, "रघुभाई, तुमचा माल आम्ही काकांच्या मीटरवर घेत होतो. मीटर नाही तर मग जिग्नेश काय वाईट?"

म्हणजे ज्या माणसाने माझं मोठं गिऱ्हाईक घालवलं, त्याच्याच नावावर माझी बाकीची गिऱ्हाइकं टिकून होती. माझं डोकं फिरलं. मी बायकोला म्हटलं, "आता त्याला घरून बोलावून आणायचं का मी?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जाय ना, दखी ये. म्हतारा जिता शे का नही ते तरी दख." म्हातारा जिवंत तरी आहे का बघ जाऊन. बायकोचा मुद्दा बिनतोड होता.

काकांचं घर मागच्या गल्लीत, बोळ संपला की तिसरं दार. इतक्या वर्षांत मी कधी गेलो नव्हतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या घरी गेला की त्याचा भाव उतरतो.

दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत खाटेवर एक बाई उशांना टेकून बसलेल्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हाताशी, चादरीला सेफ्टी पिनने टाचलेलं एक बटण. बटणातून वायर निघून भिंतीवरून मागच्या गॅलरीत गेलेली. काका जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. भिंग लावून.

"तुम्हीच का ते रघुनाथ?" बाईंनी विचारलं. "ज्यांचे कपॅसिटर परत येत नाहीत?"

मी तिथेच पेटलो. "काकू, ते येतात! पडून राहिलेला माल आहे, काकांना विचारा—"

"बसा," काकू म्हणाल्या. "ओरडू नका. ओरडायला या घरात मी आहे." आणि त्यांनी डाव्या हाताने बटण दाबलं.

मागच्या गॅलरीत किर्रर्र झालं. बारीक, चिरका आवाज. मी तो आवाज ओळखला. वर्षानुवर्षं ऐकला होता. दुकानात बसून मला वाटायचं की बोळात एक रातकिडा आहे, ज्याला दिवस-रात्र कळत नाही.

काका तांदूळ सोडून उठले. "काय हवं?"

"काही नाही. रघुनाथना बेल दाखवली."

मी स्टूल ओढून बसलो. हळूहळू सगळं कळलं. काकूंना अर्धांगवायू झाला तेव्हा काका नुकतेच निवृत्त झाले होते. मूलबाळ नाही. सकाळी एक बाई येऊन सगळं आवरून जाते, दुपारी परत येते. मधला वेळ काका घरात. "माझ्या उशाशी बसून माझ्याकडे टक लावून बघत राहायचे," काकू म्हणाल्या. "दुखतंय का? इथे दुखतंय? आता? मी काय रेझिस्टर आहे का? मीच म्हटलं, बाहेर जा, चार माणसांत बसा, नाहीतर मी बरी व्हायची नाही. जाईनात. मग ही बेल केली यांनी. म्हणाले, बेल ऐकू येते तिथपर्यंत जातो."

बेल ऐकू यायची ती माझ्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलापर्यंत. पंख्याखाली नाही. जिग्नेशच्या दुकानात तर नाहीच. ते लांब पडत होतं.

मला दया वगैरे आली असं लिहायला हवं, पण आधी मला दुसरंच सुचलं. मी काकांकडे वळलो. "म्हणजे काका, भाव करता करता तुम्ही उठायचात ते—"

"बेल वाजायची," काका म्हणाले.

"आणि मी बोळात येऊन भाव खाली ओरडायचो!"

"हो. मला नवल वाटायचं. मला वाटलं, तुझी पद्धत असेल."

काकू हसायला लागल्या. अर्ध्याच चेहऱ्याने हसत होत्या, पण चांगल्या मोठ्याने. मी गोडादऱ्यातला पक्का भाव करणारा, आणि मला इतकी वर्षं एका बटणाने हरवलं होतं.

"आता लूममुळे हे घरातच," काकू हसणं थांबवून म्हणाल्या. "काल डाळीचे दाणे मोजत होते. परवा माझ्या औषधाच्या गोळ्यांना मीटर लावला. तुम्ही यांना घेऊन जा हो. मी हात जोडले असते, पण एकच चालतो."

काका खाली बघून तांदूळ निवडायला लागले. मीटर खिडकीत होता, स्वेटरात. काकूंची नजर माझ्या नजरेमागे गेली. "तो मीटर आणला तेव्हा दिवसरात्र त्याच्याकडेच बघायचे. म्हटलं, सवत आलीच आहे, तर तिला अंगभर कपडा तरी घालू. दुसऱ्या बाजूची शिवण राहिली. मी दुपारी घालणार होते, सकाळीच माझा हात गेला."

बाहेर लूम चालू होते.

मी धंद्याचा माणूस. मी काकांसमोर सौदा ठेवला. वायर माझी, मेहनत माझी, बेल माझ्या काउंटरवर, आणि तुम्ही रोज स्टुलावर. अट एकच. बेलच्या सर्किटात कपॅसिटर माझेच, त्याच पलसाण्याच्या खोक्यातले.

काकांनी भिंग काढलं. "तपासून घेईन."

"घ्या ना! त्यासाठीच तर म्हणतोय!"

वायर नव्या खात्याच्या पत्र्यावरून न्यावी लागणार होती. खात्याचा शेठ आधी नाही म्हणाला. मग मी त्याच्याशी बोललो. कसा बोललो ते त्याच्या कारागिरांना विचारा. लूमच्या आवाजात त्यांना सगळं ऐकू गेलं. वायर पत्र्यावरून गेली.

कपॅसिटर काकांनी तपासले. पहिल्या दिवशी सगळे अर्ध्यावर बसले. मी म्हटलं, "करंट द्या." काकांनी दिला. रोज थोडा थोडा, आजाऱ्याला पेज देतात तसा. दोन दिवसांनी पुन्हा तारा टेकवल्या. काटा झेपावला, टोकाला गेला आणि हळूहळू, हळूहळू मागे येऊन आपल्या जागी बसला. काकांचा चेहराही त्याच्याबरोबर जाऊन परत आला.

"ताळ्यावर आले," काका म्हणाले.

"हेच हसमुखभाईंसमोर बोलायला काय झालं होतं?"

काकांनी विचार केला. "त्यांनी विचारलं नाही."

हे मी विसरणार नाही. आजही विसरलेलो नाही.

बेल माझ्या काउंटरवर आली. यावेळी काकांनी एक सुधारणा केली. बेलशेजारी माझ्याकडेही एक बटण, आणि ते दाबलं की काकूंच्या खाटेशी एक छोटा लाल दिवा लागायचा. बेल एकदा वाजली तर काही नाही, काका जागेवर आहेत ना याची नुसती तपासणी, इकडून बटण दाबून उत्तर द्यायचं. दोनदा वाजली तर निघायचं. काका पंख्याखाली बसायला लागले. टेप हळू आवाजात चालायला लागला. गिऱ्हाइकं परत आली. भाव ऐन रंगात असताना बेल वाजली तरी मी आता एक पैसा खाली येत नाही. फारतर थांबतो.

एकदाच्याच घंटा फार. काकू सारख्या तपासत असायच्या.

एका सकाळी दुकानात गर्दी होती. काका एका मिस्त्रीसाठी ट्रान्झिस्टर बघत होते. ट्रान्झिस्टरला तीन पाय, दोन हातांत दोन तारा, बोटं गुंतलेली. बेल एकदा वाजली. काका न बघता म्हणाले, "रघुनाथ, दाब जरा."

मी बटण दाबलं. त्यात काय?

लगेच बेल दोनदा वाजली.

ट्रान्झिस्टर काउंटरवर पडला. काका चपला न घालता बोळातून पळाले. मीही त्यांच्यामागे दुकानाच्या मागच्या दारापर्यंत गेलो. मिस्त्री म्हणाला, "शुं थयुं?" मी त्याला गप्प केलं.

थोड्या वेळाने काका परत आले, सावकाश चालत. स्टुलावर बसले. सदऱ्याला घाम पुसला.

"काय झालं काका? बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे." काकांनी मीटर जवळ ओढला, पिन नीट बसली आहे का बघितलं. "म्हणाली, दिवा लागला, पण तो हात तुमचा नव्हता. म्हणून बोलावलं."

मग त्यांनी तारा एकमेकींना टेकवून काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ट्रान्झिस्टर उचलला.

तेव्हापासून मी त्या बटणाला हात लावलेला नाही. काकांचे हात गुंतलेले असले आणि बेल एकदा वाजली, की मी पुढे होतो, त्यांच्या हातातल्या दोन्ही तारा जशाच्या तशा माझ्या हातात धरतो, आणि काका वाकून बटण दाबतात. काटा जरा पुढे सरकतो. तेवढ्या वेळात मी भावाचं काही बोलत नाही.